उलटा टांगलेला राउटर

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा'त सुतार हा बलुतेदार आहे. नांगर, कुळव, पाभर घडवायची, मोडली की दुरुस्त करायची आणि खळ्यावर बलुते घ्यायचे. अहिल्यानगर, म्हणजे लोकांच्या तोंडी अजूनही नगर, या जिल्ह्यातही हाच रिवाज. पुढे नांगर लोखंडी झाला, १९५० साली सुरू झालेल्या प्रवरानगरसारख्या कारखान्यांकडे ऊस नेणाऱ्या गाड्याही कालांतराने टायरवर आल्या आणि बाभळीच्या चाकाचे काम आटले. आजचा सुतार दारे, चौकटी, देवघरे आणि स्वयंपाकघरातली कपाटे करतो. धारेला गोलाई, फळीला खाच, पॅनेलला उतार ही कामे पूर्वी रंधा आणि पटाशीने व्हायची. आता ती राउटर नावाचे विजेवर चालणारे यंत्र करते.

राउटर हातात धरून लाकडावर फिरवता येतो. पण अरुंद पट्टी असली तर तिच्यावर यंत्राचा तोल राहत नाही. म्हणून तो टेबलाखाली उलटा टांगतात. बिट, म्हणजे यंत्राचे फिरते कापणारे पाते, टेबलातल्या भोकातून वर डोकावते आणि लाकूडच त्याच्याजवळ आणले जाते.

टेबल महाग असायलाच हवे असे नाही. १८ मिमीच्या प्लायवूडचे दोन थर, यंत्र बसवायला अॅल्युमिनियमची जाड प्लेट आणि लाकूड टेकवायला एक सरळ पट्टी, म्हणजे फेन्स, एवढ्यावर भागते. गोल करवतीला फेन्स पात्याला समांतर लागते. इथे लागत नाही, कारण बिट गोल आहे आणि त्याच्यापासून फेन्सचे अंतर तेवढे महत्त्वाचे. एक टोक घट्ट करून दुसरे किंचित सरकवले की बारीक जुळणी होते. सपाटीत मात्र तडजोड नको. प्लेट टेबलाच्या पातळीपेक्षा केसभर वर-खाली राहिली की लाकूड तिथे अडखळते आणि कापलेल्या धारेवर पायरी उमटते.

बिट बदलताना प्लग काढायचा, नुसता स्विच बंद करून चालत नाही. बिटाचा दांडा कोलेटमध्ये, म्हणजे त्याला पकडणाऱ्या चिमट्यात, तळापर्यंत घालून दोन-तीन मिमी वर ओढायचा आणि मग आवळायचा. तळाला टेकलेले बिट आवळताना नीट पकडले जात नाही आणि चालू यंत्रात वर सरकू शकते.

सर्वात जास्त घोळ दिशेचा. उलटा टांगल्यावर वरून पाहता बिट घड्याळाच्या उलट फिरते. फेन्स पलीकडे आणि आपण अलीकडे उभे असू तर लाकूड उजवीकडून डावीकडे न्यायचे, म्हणजे बिटाच्या विरुद्ध. उलटे नेले की बिट लाकूड ओढते आणि पाठोपाठ बोटेही. बिट आणि फेन्स यांच्या मधून पट्टी घालणे त्याहून घातक. ती हातातून सुटून बाणासारखी जाते. अरुंद पट्टी काठीने ढकलावी. हातमोजे, सैल बाही, खांद्यावरचा टॉवेल यांना इथे जागा नाही.

वेगाचा हिशेब डोळे उघडणारा आहे. १२ मिमीचे बिट मिनिटाला २४,००० फेरे घेते तेव्हा त्याची धार ताशी सुमारे ५४ किलोमीटरने जाते. ५० मिमीचे बिट तेवढेच फिरले तर सव्वादोनशेने. म्हणून मोठ्या बिटाला वेग निम्म्यावर आणायचा. ज्या राउटरला वेग कमी करायची सोय नाही, त्यात असे बिट बसवूच नये. बाभूळ कठीण, तर सागात सिलिका असल्याने साध्या पोलादाची धार लवकर मरते. दोन्हींना कार्बाइडचे बिट बरे. खोली एकदम न घेता दोन-तीन मिमीचे थर काढावेत. पॅनेलच्या ज्या कडा लाकडाच्या रेषांना आडव्या जातात त्या आधी कापाव्यात. कोपऱ्याचा तुकडा उडाला तरी पुढच्या उभ्या कापात तो निघून जातो.

लाकडाच्या भुशाची धूळ माणसात कर्करोग घडवते, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केला. तरी मास्क खिळ्याला टांगलेला असतो.

गावाकडच्या कामशाळेत धोका आणखी एका वाटेने येतो. वीज जाते, यंत्र थांबते, कारागीर चहाला जातो आणि स्विच चालूच राहतो. वीज आली की टेबलाखालचा राउटर आपोआप पूर्ण वेगाने फिरू लागतो. वीज गेली की बंद पडणारा आणि पुन्हा दाबल्याशिवाय सुरू न होणारा स्विच बाजारात मिळतो. टेबल बांधणार असाल तर बिटांच्या संचाआधी तो घ्या आणि टेबलाच्या पुढच्या बाजूला, न शोधता हात पोचेल असा बसवा.