गुरुजींची बदली आणि मुलांची भाषा

शिक्षकांच्या बदल्या हा काय वार्षिकांकात लिहिण्याचा विषय झाला, असे कुणी विचारील. बदली ही नोकरदाराची घरगुती अडचण, तिच्याशी विद्यार्थ्याचा संबंध तो काय? परंतु जिथे मुलाची घरची भाषा एक आणि शाळेची भाषा दुसरी, तिथे गुरुजींच्या बदलीने मुलाच्या शिक्षणाची घडीच विस्कटते. मी अशाच एका शाळेतून आलो आहे. माझे गाव पूर्व विदर्भाच्या जंगलपट्टीत आहे, घरी गोंडी बोलतात, आणि कॉलेजची पायरी चढलेला आमच्या घराण्यात मी पहिलाच. म्हणून हा विषय घेतला.

गोंडी म्हणजे मराठीचीच एखादी रानटी बोली, असा समज मला नागपुरात आल्यावर पुष्कळ ठिकाणी आढळला. तो चुकीचा आहे. गोंडी ही तेलुगूप्रमाणे द्रविड कुळातील भाषा आहे. २०११ च्या जनगणनेत ती बोलणाऱ्यांची संख्या सुमारे २९ लाख ८० हजार भरली. ज्या नागपुरात आपण शिकतो ते वसवले गोंड राजा बख्तबुलंद शहाने, आणि ह्याच शहरात रिझर्व्ह बँकेची नोकरी सांभाळून डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) ह्यांनी गोंडी भाषेचा आयुष्यभर अभ्यास केला. मराठी आणि गोंडी किती दूर आहेत ते दोन-तीन शब्दांवरून कळेल. गोंडीत पाण्याला ‘येर’ म्हणतात. ‘नार’ म्हणजे गाव! मोजणी उंदी, रंड, मूंद अशी चालते. पहिलीतल्या पोराने पाटीवरच्या एका रेघेकडे बोट दाखवून ‘उंदी’ म्हटले, तर नव्या गुरुजींना वर्गात उंदीर शिरल्याचा भास व्हायचा.

आता कुणी म्हणेल की मुलाला नव्या भाषेत एकदम टाकले म्हणजे ते आपोआप पोहायला लागते. ही पद्धत जगात आहे आणि ती यशस्वीही झाली आहे. कॅनडात माँट्रियलजवळ सेंट लँबर्ट येथे १९६५ साली इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना बालवर्गापासून फ्रेंचमधून शिकवण्यास आरंभ झाला. मुले फ्रेंच शिकली आणि त्यांचे इंग्रजीही मागे पडले नाही. पण त्या प्रयोगाची एक बाजू आपण विसरतो. तो पालकांनी मागून घेतला होता; त्यांच्या इंग्रजीला बाहेर मान होता; आणि मूल इंग्रजीत काही बोलले तर ते समजणारी शिक्षिका समोर उभी असे. पोहायला शिकवणारा काठावर असला पाहिजे. आमच्याकडे मूल पाण्यात असते, आणि काठावरचा माणूस दर दोन-तीन वर्षांनी बदलतो.

हे कसे घडते ते पाहू. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांसाठी शासनाने २०१७ साली नवे धोरण आणले. त्यात शाळांची ‘अवघड क्षेत्र’ आणि ‘सर्वसाधारण क्षेत्र’ अशी विभागणी झाली. अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढलेल्या शिक्षकाला बदली मागण्याचा अधिकार मिळाला, आणि २०२१ च्या सुधारित निर्णयातही हे तत्त्व कायम राहिले. पूर्वी वशिल्याने बदल्या होत, आता संगणक करतो. त्यामानाने ही सुधारणाच म्हटली पाहिजे. शिक्षकाच्या बाजूनेही पाहावे. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की वाट बंद, मोबाईलला रेंज नाही, घरी म्हातारे आईवडील आणि शिकणारी मुले. अशा माणसाने तीन वर्षांनी बदली मागितली तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

अडचण अशी की भाषेचे गणित त्या तीन वर्षांत बसत नाही. पहिले वर्ष गुरुजींना मुलांची नावे नीट उच्चारण्यातच जाते. दुसऱ्या वर्षी त्यांना कळू लागते की मूल गप्प बसले म्हणजे ते मठ्ठ असते असे नव्हे, त्याला प्रश्नच समजलेला नसतो. तिसऱ्या वर्षी ते स्वतः गोंडीत चार वाक्ये बोलतात, मुले हसतात, आणि खऱ्या अर्थाने शिकणे सुरू होते. त्याच उन्हाळ्यात बदलीचा आदेश येतो. शासनाच्या हिशेबी एक शिक्षक गेला आणि एक आला, पटसंख्येप्रमाणे पदे भरलेली. वर्गात मात्र पुन्हा पहिले वर्ष.

मुख्याध्यापकाची गोष्ट तर आणखी चमत्कारिक आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, आणि स्वतंत्र मुख्याध्यापक पट दीडशेच्या वर गेल्यावर. जंगलातल्या शाळेचा पट दीडशे कुठून व्हायचा! मग दोघांपैकी जो ज्येष्ठ तो ‘प्रभारी’. त्याची बदली झाली की शिक्षक आणि शाळेचा प्रमुख दोन्ही एकदम जातात. उरलेला, बहुधा वर्षभरापूर्वी आलेला, प्रभारी होतो. शाळेचे धोरण म्हणून काही असेल तर ते एका माणसाच्या डोक्यात असते आणि त्याच्याबरोबर एस. टी. त बसून निघून जाते.

मी पहिली ते चौथी शिकलो त्या काळात आमच्या शाळेत पाच शिक्षक येऊन गेले. त्यांतील एक गुरुजी माझ्या आजीजवळ बसून शब्द विचारीत आणि एका दोनशे पानी वहीत लिहून घेत. पाऊस, मोहाची फुले, पोटात दुखणे, घरची आठवण येणे, असे पहिलीच्या मुलाला नेमके लागणारे शब्द त्यांनी निवडले होते. त्यांची बदली झाली त्या दिवशी माझी मोठी बहीण म्हणाली, “गुरुजी, आता तर तुम्हाले बोलता येत होतं जी!” ते काही बोलले नाहीत. नंतर आलेल्या बाईंनी वर्गात गोंडी बोलायला मनाई केली. त्या वाईट नव्हत्या. मुले आपल्याविषयीच काही बोलतात असे त्यांना वाटे.

ती वही कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नाही, आणि इथेच मला एक सुचवावेसे वाटते. बदलीच्या वेळी प्रभार देताना यादी होते. खुर्च्या किती, वजनकाटा चालू की बंद, पोषण आहाराचा तांदूळ किती किलो, हे सारे लिहून दोघांच्या सह्या होतात. ह्या यादीत शब्दवही का नसावी? कोणत्या मुलाला कितपत मराठी कळते, गावात दुभाषी म्हणून कोण मदत करते, एवढी चार पाने नव्या माणसाच्या हाती पडली तरी त्याचे पहिले वर्ष वाचेल. ह्याला निधी लागत नाही.

माणसे टिकली तर काय होते ह्याचे उदाहरण लांब शोधायला नको. बाबा आमटे ह्यांनी १९७३ साली भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. नागपुरात डॉक्टरकी शिकलेले डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे गेले ते राहिलेच. १९७६ साली तिथे माडिया मुलांसाठी शाळा निघाली, आणि आता पुढची पिढी काम पाहते. अर्थात सगळ्यांनी आमटे व्हावे अशी अपेक्षा ठेवून सरकारी शाळा चालत नाहीत.

दुसरी वाट धानोरा तालुक्यातील मोहगावने धरली. तिथल्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडीतून शिकवणारी स्वतःची शाळा काढली. २०२२ मध्ये ती अनधिकृत असल्याची नोटीस आली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी असे राज्यघटनेचे कलम ३५०-क १९५६ पासून सांगते, २०२० चे शैक्षणिक धोरणही तेच म्हणते; पण गोंडीला आठव्या अनुसूचीत स्थान नाही.

मला स्वतःला तिसरी वाट अधिक व्यवहार्य वाटते. अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकांची पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरावीत, अशी अधिसूचना राज्यपालांनी २०१४ साली काढली होती. पुढे ती न्यायालयीन वादात सापडली आणि भरती रखडली. ज्याचे घरच तिथे आहे तो बदली कशाला मागेल? माझ्या गावच्या दोन मुली सध्या डी. एल. एड. करीत आहेत. त्यांतली एक त्या पाच गुरुजींच्या काळात माझ्याच बाकावर बसत असे.