आधी दार, मग स्पीकर

पालघर-बोईसर पट्ट्यात अजूनही एमएच ०४ च्या पाटीच्या पुष्कळ गाड्या फिरतात. सॅन्ट्रो, झेन, जुनी वॅगन-आर, २००५ साली आलेली पहिली स्विफ्ट. इंजिन ठणठणीत, कडेकडेने पत्रा गंजलेला आणि गाणं लावलं की दारातून फडफड. मालक दुकानात येऊन एकच सांगतो, "स्पीकर गेलेत, नवे टाका." हाताखालून बऱ्याच गाड्या गेलेला कारागीर मात्र लगेच नव्या स्पीकरचा खोका फोडत नाही. आधी तो दाराचं पॅनल उतरवतो. जुन्या गाडीच्या आवाजाचं खरं दुखणं त्या पॅनलमागे असतं आणि आपल्या किनाऱ्यावर तर ते हमखास तिथेच सापडतं.

तारापूर, चिंचणी, नवापूर, सातपाटी, केळवे ही गावं समुद्राला लागून आहेत. वर्षभर हवेत खार असतो आणि पावसाळ्यात जिल्ह्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. गाडीचं दार बाहेरून बंद दिसलं तरी त्यात पाणी शिरतंच. काचेच्या दोन्ही बाजूंचं रबर उन्हाने कडक झालं की पाण्याचे ओघळ काचेवरून थेट दाराच्या पोटात उतरतात. हे पाणी खाली बाहेर पडावं म्हणून दाराच्या तळाशी बारीक भोकं ठेवलेली असतात आणि ते आतल्या पॅनलकडे येऊ नये म्हणून मध्ये प्लास्टिकची पन्नी चिकटवलेली असते. कधीतरी काचेची मशीन दुरुस्त करताना कोणीतरी ती पन्नी फाडतो आणि तशीच सोडून देतो. तिथून पुढे प्रत्येक पावसाळ्यात पाणी स्पीकरच्या अंगावर येत राहतं. कागदी कोन ओला होऊन वाळतो, पुन्हा ओला होतो आणि मऊ पडतो. कोनाच्या कडेचा फोम दमट हवेत भुसभुशीत होतो आणि बोट लावताच भुगा होऊन पडतो. टर्मिनलवर हिरवट थर चढतो. या दारात तुम्ही कितीही महागडा स्पीकर बसवा, दोन-तीन पावसाळ्यांत त्याचीही तीच गत होणार.

स्पीकर म्हणजे मुळात साधं यंत्र आहे. चुंबकाच्या फटीत तारेची कॉइल, कॉइलला चिकटलेला कोन, तो मधोमध धरून ठेवणारा स्पायडर आणि बाहेरची लवचीक कड. तारेतून गाण्याचा विद्युतप्रवाह गेला की कॉइल पुढे-मागे हलते आणि कोन हवा ढकलतो. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अभियंत्यांनी या रचनेला आजचं रूप दिलं ते १९२५ साली, अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये.  शंभर वर्षांत स्पीकरचं साहित्य बदललं, मूळ कल्पना मात्र तीच राहिली. म्हणूनच चुंबक आणि सांगाडा शाबूत असेल तर चांगल्या जुन्या स्पीकरचा कोन आणि कॉइल बदलून तो पुन्हा वाजता करता येतो. हे काम हाताने, सबुरीने करावं लागतं. कॉइल फटीत केसभर जरी वाकडी बसली तरी आवाज घासतो. असं काम करणारी माणसं कमी होत चालली आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नवा स्पीकर घ्यायचाच असेल तर खोक्यावरच्या वॅटच्या आकड्याला भुलू नये. गाडीच्या टेपवरही 'पन्नास गुणिले चार' असं छापलेलं असतं. गाडी चालू असताना वीज मिळते साधारण १४.४ व्होल्टची. ४ ओहमच्या स्पीकरला त्यातून स्वच्छ आवाजासाठी हिशेबाने जेमतेम २६ वॅट मिळू शकतात आणि टेपच्या आतल्या आयसीमधली घट वजा केली तर हातात विसेक वॅट उरतात. पन्नासचा आकडा आवाज पूर्ण फाटलेल्या अवस्थेतला असतो. मग त्या टेपला तीनशे वॅट लिहिलेला जड स्पीकर जोडून काय मिळणार? त्याऐवजी खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत दिलेली सेन्सिटिव्हिटी, म्हणजे डेसिबलचा आकडा, वाचावी. ८९ डेसिबलच्या स्पीकरला जेवढा आवाज काढायला २० वॅट लागतात, तेवढाच आवाज ९२ डेसिबलचा स्पीकर १० वॅटमध्ये काढतो. वेगळा अँप न बसवणाऱ्यासाठी हाच आकडा सगळ्यात मोलाचा. आणि आपल्याकडे कोन प्लास्टिकचा, कड रबराची असावी. कागदाचा आवाज गोड असतो हे मान्य, पण तो देशावरच्या कोरड्या हवेत.

आता पुन्हा दाराकडे. कोन पुढे जसा आवाज फेकतो तसाच मागेही फेकतो. दाराच्या आतल्या पत्र्याला हात जाईल एवढाली भोकं असतात. मागचा आवाज त्यातून पुढे येऊन पुढच्याला मारतो आणि सगळ्यात आधी बेस नाहीसा होतो. डहाणू-जव्हारकडच्या तारपा वाद्याला भोपळा जसा लागतो, तसं स्पीकरला बंद पोट लागतं. त्यामुळे ती भोकं ब्युटाइल रबराच्या, वर ॲल्युमिनियम असलेल्या डॅम्पिंग शीटने बंद करायची आणि बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगालाही तिचे तुकडे दाबून बसवायचे. शीट आली की पन्नीचं कामही तीच करते. तळाची पाण्याची भोकं तेवढी चुकूनही बुजवायची नाहीत, नाहीतर दार खालून सडेल. हे केल्यावर जुना स्पीकरही कधीकधी असा वाजतो की मालक नवा घ्यायचा विचार सोडून देतो.

बाकीच्या गोष्टी लहान, पण काम बिघडवणाऱ्या. स्पीकर बसवण्याआधी काच पूर्ण खाली घेऊन बघावी, चुंबक खोल असेल तर काच त्याला अडते. स्पीकरखालची रिंग एमडीएफची नको, ती पाण्याने फुगते. प्लास्टिकची किंवा वॉटरप्रूफ प्लायची घ्यावी. काही जुन्या गाड्यांत स्पीकरची मायनस वायर थेट बॉडीला दिलेली असते. नवा टेप त्या वायरिंगवर जोडला तर त्याची आयसी जळू शकते, म्हणून दोन्ही वायरी नव्याने टेपपर्यंत ओढाव्यात. दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीत वायर उघडझाप होऊन आतल्या आत तुटते, तीही तपासावी. प्लस-मायनस ओळखायला दीड व्होल्टचा घड्याळाचा सेल पुरतो. सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला लावलं की कोन बाहेर येतो. दोन दारांत एक स्पीकर उलटा जोडला गेला तर दोघे एकमेकांचा बेस खातात आणि माणूस उगाच स्पीकरला नावं ठेवतो.

मागच्या पार्सल ट्रेवरच्या सहा बाय नऊच्या ओव्हलचं आपल्याकडे भारी प्रेम. मला ते पटत नाही. गाणारा समोर असावा, पाठीमागे नव्हे. शिवाय छोट्या गाडीतली ती फळी स्वतःच थरथरते. डिकीत सीएनजीची टाकी असलेल्या गाड्या इथे पुष्कळ आहेत. त्यात बेसट्यूबला जागा नाही आणि गॅसच्या नळीजवळ ड्रिल चालवणं धोक्याचं. बेस हवाच असेल तर सीटखाली मावणारा चपटा सबवूफर बघावा. पैसे मोजके असतील तर मागचं सगळं सोडून द्यावं. पुढच्या दोन दारांत चांगली जोडी बसवावी आणि ट्विटर वर, आरशाजवळच्या त्रिकोणात लावावेत. ट्विटरचा बारीक आवाज सरळ रेषेत जातो. ट्विटर पायाशी ठेवले तर तो कानापर्यंत पोचत नाही.

चिल्हार फाट्यावरून बोईसरकडे येताना टँकर आणि ट्रेलरच्या रांगेत किंवा मनोर-पालघर रस्त्यावर वाघोबा खिंडीत जुन्या गाडीच्या आत मुळातच गोंगाट फार. त्यावर मात करायला आवाज वाढवत नेणं हा उपाय नव्हे. दाराला लावलेली शीट बाहेरचा गोंगाटही थोडा कमी करते आणि मग कमी आवाजातही शब्द कळतात.

हे काम मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी करून घ्या. पॅनल उघडेल तेव्हा शेजारी उभे राहा, पन्नी फाटली आहे का ते स्वतः बघा आणि काचेचं रबर कडक झालं असेल तर नव्या स्पीकरच्या आधी ते बदलायला सांगा.