खांद्यावरचा लहान अंक

गेल्या चातुर्मासांत एका संध्याकाळीं आमची नात गणिताचें पुस्तक घेऊन माजघरांत आली, आणि २ ह्या अंकाच्या उजव्या खांद्यावर बसलेल्या लहानशा ६ कडे बोट दाखवून म्हणाली, "आजोबा, हा एवढासा अंक लागतो तरी कशाला?"

प्रश्न ऐकून आम्ही ओशाळलों. कारण हाच प्रश्न अनेक वर्षांपूर्वीं वर्गांत एका विद्यार्थ्यानें विचारला होता, व "परीक्षेंत गुणांसाठीं लागतो" असें म्हणून आम्हीं त्याला खालीं बसविलें होतें. त्या विद्यार्थ्याचें ऋण ह्या लेखानें अंशतः तरी फेडावें, असा आमचा हेतु आहे.

एखादी संख्या किती वेळां मांडून तिचा गुणाकार करावयाचा, हें सांगणारा अंक तो घातांक. दोन सहा वेळां मांडून गुणिले कीं ६४ होतात; येथें २ हा पाया व ६ हा घातांक. आमच्या प्राचीन गणितज्ञांनीं दुसऱ्या घातास वर्ग, तिसऱ्यास घन, चौथ्यास वर्गवर्ग अशीं नांवें दिलीं होतीं. खांद्यावर अंक लिहिण्याची रीत मात्र फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त ह्याच्या १६३७ सालच्या भूमितीच्या ग्रंथामुळें रूढ झाली. शास्त्रज्ञांस ह्या अंकाचें मोल फार. तापलेल्या काळ्या पदार्थांतून बाहेर पडणारी ऊर्जा निरपेक्ष तपमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणांत असते, असें स्टेफन ह्यानें १८७९ सालीं मांडलें. तपमान दुप्पट झालें कीं ऊर्जा सोळापट होते. ह्याच नियमाच्या आधारें त्यानें सूर्याच्या पृष्ठभागाचें तपमान अजमावलें. घातांक एकानें जरी चुकता, तरी तो सारा हिशेब फसला असता.

परंतु जी रीत आज प्रत्येक घराच्या उंबरठ्याशीं येऊन पोंचली आहे, ती आमच्या छंदःशास्त्रांत फार पूर्वीं सांपडते. सहा अक्षरांच्या चरणांत लघु आणि गुरु ह्यांच्या किती निरनिराळ्या मांडण्या होतात? प्रत्येक स्थानीं दोन पर्याय, म्हणून २ चा सहावा घात. तो काढण्यासाठीं पिंगलाचार्यांनीं अत्यल्पाक्षरी सूत्रांत एक युक्ति सांगितली. संख्या सम असेल तर ती अर्धी करून 'दोन' अशी खूण करावी. विषम असेल तर एक वजा करून 'शून्य' अशी खूण करावी. सहाचे तीन, तिहींचे दोन, दोहोंचा एक, एकाचें शून्य. आतां १ घेऊन खुणा उलट्या क्रमानें वाचीत यावें. शून्य आलें कीं दुप्पट, दोन आले कीं वर्ग. १ चे २, २ चे ४, ४ चे ८, आणि ८ चा वर्ग ६४!

सहासाठीं ही खटपट कशाला, असें वाचक म्हणतील. पण घातांक १००० असेल तर साध्या रीतीनें ९९९ गुणाकार करावे लागतात. पिंगलाचार्यांच्या रीतीनें अवघ्या १५ पायऱ्यांत काम होतें.

१९७६ सालीं डिफी व हेलमन ह्या दोन अमेरिकन संशोधकांनीं घातांकाचें एक कुलूप प्रसिद्ध केलें. त्यांनीं पिंगलाचार्यांचा ग्रंथ पाहिला होता, असें आमचें म्हणणें नाहीं. समजा, थोरली बहीण ओटीवर आहे, धाकटी परसांत आहे, आणि मधल्या माजघरांत सारें कुटुंब कान देऊन बसलें आहे. दोघींस मोठ्यानें बोलूनच एक गुप्त अंक ठरवावयाचा आहे. पाया २ घ्यावा व ११ नें भागून बाकी धरावी, हें सर्वांस ठाऊक. थोरलीनें मनांत ६ हा घातांक धरला. ६४ ला ११ नें भागून उरलेले ९ तिनें ओरडून सांगितले. धाकटीनें मनांत ३ धरला व ८ ही बाकी सांगितली. आतां थोरलीनें ८ चा सहावा घात करावा, धाकटीनें ९ चा तिसरा; दोन्हींस ११ नें भागलें असतां बाकी ३ च उरते. हा ३ दोघींस कळला. माजघरांत ऐकूं गेले ते केवळ २, ११, ९ आणि ८.

एवढ्या लहान संख्यांत एखादा चतुर मुलगा तो ३ हुडकून काढील. पण ११ च्या जागीं शेंकडों आंकड्यांची योग्य मूळ संख्या घेतली, म्हणजे बाकीवरून मनांतील घातांक शोधण्याची जलद रीत आजच्या संगणकांस ठाऊक नाहीं. उलट घात करणें मात्र त्या अर्धे करण्याच्या युक्तीनें क्षणाचें काम. पेढीशीं होणारे आपले दूरस्थ व्यवहार ह्याच कल्पनेच्या सुधारलेल्या रूपांनीं सुरक्षित राहतात. पुरेसा मोठा क्वांटम संगणक झाल्यास हें कुलूप उघडेल, असें पीटर शोर ह्यानें १९९४ सालीं दाखविलें. म्हणून अमेरिकेच्या मानकसंस्थेनें २०२४ सालीं निराळ्या गणितावर आधारलेलीं मानकें प्रसिद्ध केलीं.

आमच्या घरीं मात्र कुलूप उघडावयास असा कोणताच संगणक लागला नाहीं. गेल्या वर्षीं आमच्या थोरल्या बंधूंस फोन आला. गोड आवाजानें पेढीचें नांव सांगून फोनवर आलेला ओटीपी विचारला. दादांनीं तो सांगितला, आणि आयुष्याच्या सांठवणुकीचा मोठा भाग घटकेंत गेला. त्या रात्रीं घरांत कोणी नीट जेवलें नाहीं. "त्यांनीं कुलूप फोडलें तरी कसें?" असें दादा पुनःपुन्हा विचारीत. कुलूप कोणी फोडलेंच नव्हतें. किल्ली आपल्या हातानें दिली गेली होती. १९३० ह्या सरकारी क्रमांकावर तात्काळ कळवावें, हेंही आम्हांस दुसऱ्या दिवशीं समजलें. वाचकांनीं तो क्रमांक आपल्या वडीलधाऱ्या माणसांस लिहून द्यावा, आणि चूक झालीच तर त्यांस रागें न भरतां आधीं तो फिरवावा.

नातीस आम्हीं हें सारें सांगितलें. सकाळीं पाहतों तों ती ओटीवर दादांपुढें पाटी घेऊन बसली होती आणि त्यांना बजावीत होती, "थोरले आजोबा, ९ आणि ८ खुशाल ओरडून सांगा, ६ आणि ३ मात्र कोणी कितीही गोड बोललें तरी सांगावयाचे नाहींत."