येऊन-जाऊन ताप
आर्मेनियन, तुर्की, अरब आणि ज्यू कुटुंबांत अधिक आढळणारा ‘फॅमिलियल मेडिटेरेनियन फीव्हर’ बहुधा लहानपणीच डोकं वर काढतो. ताप फणफणतो, मूल पोटाला हात लावू देत नाही आणि १ ते ३ दिवसांत सगळं आपोआप ओसरतं. अपेंडिक्स समजून कित्येकांची पोटं विनाकारण उघडली गेली; हे टळायलाच हवं. निदानात सर्वांत मोलाची ठरते ती आईवडिलांची नोंदवही: तारीख, ताप, कुठे दुखलं, घरात आणखी कुणाला. सीआरपी, म्हणजे रक्तातला दाह दाखवणारा घटक, तापात आणि मूल ठणठणीत असतानाही तपासावा. या आजारामागचं एमईएफव्ही जनुक १९९७ मध्ये सापडलं, पण चाचणीत दोष दिसला नाही म्हणून आजार नाहीच, असं नव्हे. उपचाराविना अमायलॉइड हे प्रथिन साचून मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. रोजचं कोल्चिसिन हे औषध ते बहुतेकदा टाळतं.