ढाक्याचे पत्र : कांदा, कमला आणि आपण

ढाका, जानेवारी

भंडाऱ्यात वाढलेल्या माणसाला संत्र्याचे ट्रक नवे नाहीत. थंडीत नागपूरकडून येणारे भरलेले ट्रक कारध्याजवळ वैनगंगा ओलांडून लाखनी, साकोलीकडे जाताना लहानपणापासून पाहिले. आपला जिल्हा धानाचा. माल वरुड-मोर्शीचा, काटोल-नरखेडचा, आपल्या वाट्याला फक्त रस्ता. हे ट्रक कोलकात्याला जातात, एवढेच आम्हाला ठाऊक होते. त्यातले कितीतरी पुढे यशोर रोडने पेट्रापोलची सीमा गाठून इथे, ढाक्यात येतात, हे मला बादामतोलीत उभे राहिल्यावर कळले.

बादामतोली म्हणजे नागपूरच्या कळमन्यासारखा इथला फळांचा ठोक बाजार. जुन्या ढाक्यात, सदरघाटाशेजारी, बुढीगंगेच्या काठावर. शब्दसुद्धा ओळखीचे : आडत, आडतदार, पाईकार. संत्र्याला इथे ‘कमला’ म्हणतात (उच्चार ‘कोमोला’) आणि मोसंबीच्या जातीच्या फळाला ‘माल्टा’. आजाऱ्याला भेटायला जाताना इथला साधा माणूसही कमला किंवा माल्टा घेतल्याशिवाय जात नाही. डेंग्यूच्या साथीत माल्ट्याचे भाव चढतात, रमजानात पुन्हा चढतात. एरवी मात्र रिक्षावाल्याच्या घरात हे फळ क्वचितच येते. इथल्या सरकारच्या वहीतही ते चैनीत मोडते, आणि आपल्या बागांचे दुखणे तिथूनच सुरू होते.

मे २०२२ मध्ये, डॉलरची गंगाजळी आटू लागली तेव्हा, इथल्या महसूल मंडळाने शंभराहून अधिक परदेशी वस्तूंवर जादा नियामक शुल्क बसवले. सौंदर्यप्रसाधने, फर्निचर, फुले यांच्या रांगेत फळेही बसली. आधीचे शुल्क, पूरक शुल्क, व्हॅट, आगाऊ कर असे सगळे मिळून आज शंभराच्या फळावर शंभराहून जास्त कर पडतो. विदर्भातल्या निर्यातदारांच्या हिशेबाने २०१९ साली किलोमागे २० रुपयांच्या घरात असलेला हा भार २०२३ मध्ये ८८ रुपयांवर गेला. बागेत शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावापेक्षा सीमेवरचा करच मोठा झाला.

आपण कांदा अडवला म्हणून त्यांनी संत्र्यावर सूड उगवला, असे आपल्याकडे छापून येते. ते मला पटत नाही. हा कर इजिप्तच्या, दक्षिण आफ्रिकेच्या माल्ट्यालाही लागतो, चीनच्या सफरचंदालाही लागतो. पण कांद्याची जखम खरी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये दिल्लीने एकाएकी कांदा निर्यात बंद केली, तेव्हा इथे किलोचा भाव दोनशे बांगलादेशी टक्यांच्या वर गेला. विमानाने कांदा आणावा लागला. २०२० मध्ये पुन्हा बंदी, डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा. कांद्यावाचून इथली चूल पेटत नाही, कमल्यावाचून मात्र दिवस सहज निघतो. ज्या वस्तूची शेजाऱ्याला निकड, ती आपण वाटेल तेव्हा रोखायची आणि जी त्याच्यासाठी चैन, तिच्यावर सवलत मागायची, हे मागणे इथल्या माणसाच्या गळी कसे उतरावे?

दुसरी गोष्ट आपल्या हातातली. माल्टा चट्टग्राम बंदरात शीतकंटेनरातून उतरतो : एका आकाराचा, खोक्यात बंद. आपला संत्रा सैल सालीचा. सोलायला सोपा, चवीला गोड-आंबट, पण दाब सोसत नाही. क्रेट भरून ट्रकने येतो, पेट्रापोलपलीकडच्या बेनापोलला हमालांच्या हातांनी दुसऱ्या ट्रकमध्ये चढतो. २०२२ मध्ये पद्मेवरचा पूल झाला, त्याआधी घाटावर फेरीसाठी ट्रक तासन् तास उभे राहत. आता तेवढा खोळंबा वाचला. तरी क्रेट उघडल्यावर तळची फळे बाजूला काढली जातात आणि तो तोटा हिशेबात मागे सरकत सरकत आंबिया बहाराचा सौदा ठरवणाऱ्या व्यापाऱ्याच्या बोलीत उतरतो. ज्याने फुलावरच बाग ठेक्याने देऊन टाकली, त्या शेतकऱ्याला हे कोणी समजावून सांगत नाही. त्याला फक्त घसरलेली बोली दिसते.

महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये निम्म्या कराएवढे, किलोमागे ४४ रुपये, अनुदान देण्याचे ठरवले. तो आधार म्हणून ठीक. पण ते अनुदान निर्यातदारासाठी होते, झाडाखाली उभ्या असलेल्यासाठी नाही. शिवाय शेजारचे शुल्क आपल्या तिजोरीतून किती वर्षे भरणार?

इथला शेतकरीही स्वस्थ नाही. पिरोजपूरला, चट्टग्रामच्या डोंगरांत ‘बारी माल्टा-१’ या जातीच्या बागा उभ्या राहिल्या आहेत. हिरव्या सालीचा तो माल्टा हातगाड्यांवर दिसतो. आणखी एक गोष्ट इथे येईपर्यंत माझ्या ध्यानात आली नव्हती. आपल्याकडे संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरतात, तसा रंगपूर लिंबाच्याही खुंटावर भरतात. ते रंगपूर म्हणजे याच देशाच्या उत्तरेचे शहर. नागपूरच्या संत्र्याच्या मुळाशी बांगलादेशाचे नाव आहे.

कांदा रोखत राहून संत्र्यासाठी सवलत मागता येत नाही, म्हणून वरुड-मोर्शीच्या, काटोल-नरखेडच्या बागाईतदारांना एक विनंती. दिल्लीत पुन्हा कांदा अडवण्याची भाषा सुरू होईल तेव्हा तो नाशिकचा प्रश्न समजून गप्प बसू नका. नाशिककरांच्या बरोबरीने तुमचेही निवेदन गेले पाहिजे.