लखनौची गोमती आणि तिचे जुने पूल

गोमती पिलीभीतजवळ उगम पावते आणि लखनौच्या मधून वाहत पुढे गंगेला मिळते. नवाब आसफउद्दौलाच्या काळात, 18व्या शतकाच्या अखेरीस, तिच्यावर दगडी पूल उभा राहिला.

लोखंडी पुलाची गोष्ट मात्र खासच. नवाब सआदत अली खानने तो इंग्लंडहून मागवला; आराखडा जॉन रेनी या नामांकित अभियंत्याचा. बिडाचे सुटे भाग पोचले तेव्हा नवाब हयात नव्हता (मृत्यू 1814). पुढची कित्येक वर्षं ते नुसते पडून राहिले. अखेर अमजद अली शाहच्या कारकिर्दीत, 1840च्या दशकात, पूल जोडला गेला. ऑर्डर आजोबांनी दिली, वापरली नातवंडांच्या पिढीने, असाच हा मामला!

पुढे 1857च्या उठावाच्या धामधुमीत, मार्च 1858 मध्ये, ब्रिटिश सेनानी जेम्स आउट्रमच्या फौजेने नदी ओलांडली ती पिंपांवर तरंगणाऱ्या तात्पुरत्या पुलांवरून.

जुना दगडी पूल पाडल्यावर 1914 मध्ये त्याच्या जागी ‘पक्का पूल’ खुला झाला. व्हाइसरॉय हार्डिंगचं नाव त्याला दिलं गेलं, पण लोकांनी रंग पाहून त्याला ‘लाल पूल’च म्हटलं.