धावत्या गाडीत फोन का तुटतो?

आजचा विषय मला एका तुटलेल्या फोनमुळे सुचला.

भोपाळहून दिल्लीला निघालो होतो. वातानुकूलित, बंद काचांची वेगवान गाडी. तिकडे नागपूरला आईला दवाखान्यात नेलेलं आणि ऑपरेशनआधी डॉक्टरांना माझ्याशी बोलायचं होतं. तीनदा फोन आला, तीनदा पहिल्याच वाक्यात तुटला. पुढे गाडी एका स्टेशनात थांबली. जागेवर बसून पाहिलं, तरी रेंजची एकच दांडी. दारात जाऊन उभा राहिलो, तर चार! दोन मिनिटांत बोलणं झालं. आई आज ठणठणीत आहे, पण तो अर्धा तास मी विसरलेलो नाही.

मग गुन्हेगार कोण? आपण बोट दाखवतो वेगाकडे. वेगाचा परिणाम होतो, हे खरं. गाडी शिट्टी वाजवत जवळ येते तेव्हा आवाज चढा लागतो, लांब जाताना उतरतो. यालाच डॉप्लर परिणाम म्हणतात. रेडिओलहरींचंही तसंच. ताशी 300 किलोमीटर वेगात 1800 मेगाहर्ट्झचा सिग्नल सुमारे 500 हर्ट्झने सरकतो. पण फोरजीची रचना ताशी 350 किलोमीटरपर्यंतचा वेग गृहीत धरूनच केलेली आहे, आणि फाइव्हजीचं लक्ष्य 500 आहे. आपली वंदे भारत जास्तीत जास्त 160ने धावते. म्हणजे एवढ्यावर खटला उभा राहत नाही.

खरा गुन्हेगार आहे डबा! धातूचं अंग आणि उष्णता अडवणारा लेप दिलेल्या काचा. या दोन्हींतून आत येईपर्यंत सिग्नलचा शंभरावा हिस्साच उरू शकतो. म्हणून दारात चार दांड्या आणि जागेवर एक.

दुसरा साथीदार म्हणजे गर्दी. 300च्या वेगात गाडी सेकंदाला 83 मीटर कापते. एक किलोमीटर बारा सेकंदांत संपतो आणि फोनला पुढच्या टॉवरचा हात धरावा लागतो. एकट्याचं ठीक आहे हो, पण गाडीतले हजार फोन एकाच क्षणी हात बदलायला जातात. त्या झुंबडीत कुणाचा तरी हात सुटतो.

यावर उपाय आहेत. गाडीच्या टपावर अँटेना बसवायचा आणि आत वायफाय द्यायचं. म्हणजे डब्याची भिंत आड येत नाही, आणि वायफायवरच्या सगळ्यांच्या वतीने टॉवर बदलतो तो एकटा अँटेना. दुसरा उपाय रुळांलगत अनेक अँटेना लावून त्यांचा मिळून एकच मोठा सेल करायचा. मग टॉवर बदलण्याची वेळच कमी येते.

बोगद्यात मात्र वेगळी युक्ती लागते. ठिबक सिंचनाची नळी आठवा. तशीच, ठरावीक अंतरावर फटी ठेवलेली केबल भिंतीलगत टाकतात आणि तिच्यातून सिग्नल झिरपत राहतो. जपानच्या तोकाइदो शिंकानसेनवर तर अशी केबल मार्गभर आहे. 2009 साली तिथल्या गाड्यांत वायफाय आलं ते तिच्याच जोरावर. आपल्या मुंबई–अहमदाबाद मार्गावर 21 किलोमीटरचा बोगदा आखलेला आहे. ताशी 320च्या वेगातही तो पार करायला चार मिनिटं लागतील. एखाद्या डॉक्टरचं बोलणं तेवढ्यात होऊन जातं.

म्हणून रेंज ही चैनीची गोष्ट समजू नका. आणि तोवर माझं ऐका: महत्त्वाचा फोन तुटत असेल तर मेसेज पाठवा. क्षणभर रेंज आली तरी तो निघून जातो. आणि स्टेशन आलं की दारात या. गाडी थांबल्यावरच, बरं का!